कोंबडीला सुई टोचतो कोण?

"ब्रॉयलरला इंजेक्शन देतात, म्हणून तर ती चाळीस दिवसांत एवढी होते." हे वाक्य पुण्याच्या सोसायट्यांत ऐकू येतं, शिरूरच्या एसटी स्टँडवर ऐकू येतं, आणि शेडपासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसंही ते छातीठोकपणे सांगतात. मग एकदा हिशेब मांडूच. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं. खाद्यातून दिलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जातं, उपयोग शून्य. म्हणजे सुईच हवी, आणि तीही रोज. पाच हजार पक्ष्यांचं साधं शेड धरा. ३५ दिवस, रोज प्रत्येक पक्षी पकडून टोचायचा, तर एका बॅचला १ लाख ७५ हजार सुया झाल्या! शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात असं शेड नवरा-बायको मिळून सांभाळतात, मदतीला फार तर एखादा गडी. त्यांनी रात्रीची झोप सोडली तरी हे काम उरकायचं नाही, आणि औषधाचा खर्च पक्ष्याच्या किमतीच्या वर जाईल.

मग शेडवर बाटल्या कसल्या दिसतात? लसीच्या. राणीखेतची लस डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरोची पिण्याच्या पाण्यातून. सुईचा संबंध जवळजवळ येतच नाही.

तर मग ती वाढते कशी?

निवडीने. पिढ्यान्‌पिढ्या जो पक्षी लवकर भरतो, छातीला मांसल असतो, कमी खाद्यात जास्त वजन धरतो, तोच पैदाशीला ठेवायचा.

१९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सेलिया स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली. चुकून आली ५००. त्यांनी ती परत न करता वाढवली आणि मांसासाठी विकली. ब्रॉयलरचा व्यवसाय तिथून सुरू झाला असं मानतात. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्याच एका किराणा साखळीने 'उद्याची कोंबडी' अशी देशभर स्पर्धा लावली. जास्त मांसाचा, लवकर वाढणारा पक्षी आणा आणि बक्षीस न्या. आज जगभर शेडमध्ये दिसणाऱ्या पांढऱ्या पक्ष्याची घडण त्या स्पर्धेपासून वेगाने झाली.

यातला सगळ्यात पटणारा पुरावा कॅनडातला आहे. अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ सालच्या कोंबड्यांचे वंश न बदलता जपून ठेवले होते. त्यांच्या शेजारी २००५ ची जात ठेवली, तिन्हींना एकच खाद्य दिलं आणि ५६ व्या दिवशी वजन केलं. १९५७ ची कोंबडी ९०५ ग्रॅम, १९७८ ची १,८०८ ग्रॅम, २००५ ची ४,२०२ ग्रॅम! खाद्य तेच, दिवस तेवढेच, बदलली ती फक्त वंशावळ. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या वेगाची किंमत मात्र पक्षी मोजतो. अंगाच्या मानाने पाय आणि हृदय मागे पडतं, काही पक्षी लंगडतात, काही अचानक दगावतात. ज्याला कोंबडीबद्दल खरोखर काळजी वाटते त्याने प्रश्न विचारावा तो इथे. सुईच्या मागे धावण्यात तो प्रश्न हरवून जातो.

पहिली रात्र

शहरातल्या माणसाने शेडवर एकच रात्र काढायची असेल तर पिल्लं येतात ती रात्र काढावी. तीही डिसेंबरातली. घोड नदीच्या काठाने गारठा उतरतो तेव्हा एका दिवसाचं पिल्लू जेमतेम ४० ग्रॅमचं असतं आणि त्याला सुमारे ३३ अंशांची ऊब लागते. आदल्या दिवशीच भाताचं तूस पसरलेलं असतं, त्यावर वर्तमानपत्रं. भोवती पत्र्याचं गोल कडं करतात. गोलच, कारण चौकोन केला तर पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. बुखारी पेटलेली, बल्ब लावलेले, पडदे सोडलेले. प्रवासाने दमलेल्या पिल्लांना आधी गुळाचं पाणी.

त्या रात्री थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघून जास्त कळतं. बल्बखाली गोळा झाली की थंडी वाजतेय. कड्याला जाऊन चोच उघडून बसली की उष्णता जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर मालकाला अर्धा तास आडवं व्हायला हरकत नाही. रात्री दोनला वीज गेली तर मात्र तोच मालक लाकडं आणायला धावतो, कारण तासाभराचा गारठाही मरतूक वाढवायला पुरेसा होतो.

एक बारकावा रस्त्याने जाताना तपासून बघा. आपल्याकडची बहुतेक शेडं लांबीला पूर्व-पश्चिम असतात. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत शिरू नये म्हणून.

आणि हो, या शेडांतले बरेच पक्षी शेतकऱ्याच्या मालकीचे नसतात. कराराच्या पोल्ट्रीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणं शेतकऱ्याचं. त्याला मिळतो किलोमागे ठरलेला वाढणावळीचा दर. दुकानात भाव दोनशेवर गेला की लोक म्हणतात, "पोल्ट्रीवाल्यांची चांदी आहे." ती चांदी करारातल्या शेतकऱ्यापर्यंत फारशी पोचतच नाही.

जी भीती खरी आहे

हार्मोनची अफवा खोडून झाली, पण प्रतिजैविकांची गोष्ट वेगळी आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, त्यातल्या ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. आजार बरा करायला औषध देणं वेगळं आणि वजन वाढावं म्हणून रोज खाद्यातून थोडं थोडं देणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराने जंतू औषधाला सरावतात, आणि तेच जंतू उद्या माणसाच्या अंगात आले की डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविकं देण्यावर २००६ पासून पूर्ण बंदी घातली. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाण्याच्या जनावरांसाठी बनवायला आणि विकायला बंद केलं. माणसाच्या उपचारात बाकी सगळी औषधं हरली की जे काढतात, ते हे कोलिस्टिन. ते कोंबडीच्या खाद्यात जात होतं!

दुकानदाराला विचारायचंच असेल तर हे विचारा: पक्षी विकण्याआधी औषध किती दिवस बंद केलं होतं? प्रत्येक औषधाला असा बंदीचा काळ ठरलेला असतो. तो पाळला की मांसातले अंश मर्यादेत येतात. ग्राहक हे विचारायला लागले तर कंपन्यांना उत्तरं तयार ठेवावी लागतील.

शिकागोतल्या कामगारांचं काय झालं

१९०६ मध्ये अमेरिकेत अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत कामगारांचे काय हाल होतात हे त्याला सांगायचं होतं. वाचकांनी पुस्तक वाचलं आणि पहिली दाद मागितली ती मांसाच्या घाणीबद्दल. काही महिन्यांत मांस तपासणीचा कायदा झाला. कामगारांच्या हालांवर तसा कायदा काही झाला नाही. ताटाची भीती लवकर पेटते, राबणाऱ्या हातांकडे लक्ष उशिरा जातं. आपल्याकडेही अगदी तसंच चालू आहे.

अफवेचं बिल

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला. लाखो पक्षी मारून पुरले. त्या साथीत देशात एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण कोंबडीचं नाव काढलं की लोक तोंड फिरवायचे. नवापुरापासून शेकडो किलोमीटरवरच्या शेडमध्येही पक्षी पडून राहिले, आणि पडून राहिलेला पक्षी रोज खातो.

२०२० ची गोष्ट तर अजून ताजी आहे. करोना कोंबडीतून येतो, असा एक मेसेज फेब्रुवारीत मोबाइलवर फिरायला लागला. शास्त्रज्ञ सांगत होते, सरकार सांगत होतं, पण ऐकतो कोण? दर उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली कोसळले. काही ठिकाणी पक्षी फुकट वाटले. मार्चमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने हजारो पक्षी जिवंत पुरले. विकायला नेण्याचा खर्चसुद्धा निघत नव्हता. तो मेसेज कुणी लिहिला हे कधी कळलं नाही, बिल मात्र शेडवाल्यांनी भरलं.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा बर्ड फ्लू आला. तोपर्यंत लोकांना थोडं कळायला लागलं होतं. पक्ष्याचा हा विषाणू ७० अंशांवर शिजवल्यावर टिकत नाही, आणि आपल्या रश्शाला तर चांगली खळखळून उकळी असते. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला. म्हणजे पुन्हा शेडवरच्या माणसाला. हातमोजे आणि मास्क त्याच्यापर्यंत आधी पोचले पाहिजेत.

अंडं, अंडं आणि अंडं

'प्लास्टिकचं अंडं' म्हणून दाखवतात तो पापुद्रा असतो. अंडं जुनं झालं, कोरडं पडलं की आतलं आवरण चिवट होतं आणि कागदासारखं निघतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही प्लास्टिकचं अंडं ही अफवा असल्याचं सांगितलं आहे. बाजारातलं खरं अंडं इतकं स्वस्त असताना खोटं बनवण्यात कुणाचा फायदा, एवढं विचारलं तरी पुरे.

तपकिरी कवच म्हणजे गावरान, हेही खरं नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यातही असतात. बलकाचा गर्द केशरी रंग खाद्यावरून येतो: मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क. खाद्यात झेंडू घातला तर बलक हवा तेवढा केशरी करून मिळतो.

बाजारातल्या अंड्यात पिल्लू नसतं. अंड्यावरच्या कोंबड्यांमध्ये कोंबडा ठेवतच नाहीत, त्यामुळे ते अंडं उबवलं तरी फुटणार नाही. हा मुद्दा गांधीजींनी १९४२ मध्ये मांडला होता, तोही पुण्यात. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ज्याला दूध चालतं त्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी, असा त्यांचा विचार त्यात आहे. शेळीचं दूध पिणाऱ्या गांधीजींनी हे लिहिलं, ही गोष्ट शालेय पोषण आहारातल्या अंड्यावर वाद झाला की मला हमखास आठवते.

अंड्याचा भाव रोज कोण ठरवतं? राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी. १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, मुख्यालय पुण्यात. त्याआधी भाव व्यापारी ठरवायचे आणि शेतकरी खर्चाच्या खाली विकायचा. आपल्या अंड्याचा भाव आपण सांगायचा, या एका मागणीवर देशभरचे अंडी उत्पादक एकत्र आले. रोज अंडं खायला सांगणारी दूरदर्शनवरची जाहिरात याच समितीची. राव यांनीच उभ्या केलेल्या वेंकीजच्या उद्योगसमूहाने २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. पुण्याच्या कोंबडीने थेट इंग्लंडच्या मैदानावर पाय ठेवला! २०२३-२४ मध्ये देशात १४२.७७ अब्ज अंडी झाली, म्हणजे माणशी वर्षाला १०३.

आणि कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं मूळ? पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज. पण पिवळ्या कातडीचं जनुक तिने राखी रानकोंबड्याकडून घेतलं, असं २००८ च्या एका अभ्यासात दिसलं. हा राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पातला, आपल्या सह्याद्रीच्या जंगलात पहाटे बांग देणारा. जगातल्या कुठल्याही सुपरमार्केटात पिवळसर कोंबडी दिसली की त्यात आपल्याकडच्या रानाचा अंश आहे.

तीन हजार वर्षांपूर्वीचा रस्सा

"आपल्या पूर्वजांचं जेवण शुद्ध शाकाहारी होतं" असं म्हणणाऱ्याला इनामगावला न्यावं. लांब नाही, शिरूर तालुक्यातच, घोडच्या काठावर. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. ही माणसं जव पेरत होती, पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट घालत होती, आणि गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या, हरणं खात होती. हाडांवर कापल्याच्या, भाजल्याच्या खुणा आहेत.

पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. इसवी सनपूर्व १००० च्या आसपास पाऊस कमी झाला असावा असं ढवळीकरांनी मांडलं. ऐसपैस चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली आणि जनावरांवरची भिस्त वाढली. पाऊस दगा देतो तेव्हा या मातीतला माणूस शेळ्या-मेंढ्यांच्या आधाराने तगतो, हे शिरूरच्या कोरडवाहू रानात आजही तितकंच खरं आहे.

आजचा आकडाही बघा. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत १५ वर्षांवरच्या भारतीयांपैकी सुमारे ७१ टक्के मांसाहारी निघाले. महाराष्ट्रात शाकाहारी ४०.२ टक्के, म्हणजे दहातले चार. देश शाकाहारी आहे हाही समज चुकीचा आणि महाराष्ट्रात सगळेच खातात हाही. आपल्या गावांत तर एकाच चुलीवर माळकरी आजीचं पिठलं आणि नातवाचं सुकं मटण अशी दोन पातेली असतात. आजीचं पातेलं आधी उतरतं, तिची पळी वेगळी असते, आणि त्यावरून घरात कधी भांडण होत नाही.

मटणावरून भांडण बघायचं तर कोल्हापूर. २०१९ च्या अखेरीस दर चढले तेव्हा तिथल्या लोकांनी कृती समिती काढली, खरेदीवर बहिष्कार टाकला आणि दर ठरवायला विक्रेत्यांना चर्चेला बसवलं!

मेंढरं बसली की रान पिकतं

सुगी झाली की मोकळ्या रानात धनगरांचा वाडा येतो. पुढे बिऱ्हाड लादलेली घोडी, मागे मेंढरं, सोबत कुत्री. शेतकरी स्वतः जाऊन सांगून येतो, "आमच्या वावरात बसवा." संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं कोंडायची, दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकवायची. लेंडी आणि मूत थेट मातीत. त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य देतो किंवा पैसे मोजतो. शहरात 'सेंद्रिय'ची पाटी लावून विकतात त्या शेतीचं हे जुनं खत, आणि ते चालत दारात येतं. मांसाचं जनावर म्हणजे जमिनीवरचं ओझं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी मेंढरं बसलेल्या वावरातला कांदा बघावा.

कोंबडखताचंही तसंच. कच्चं घातलं तर पीक करपतं, कुजवून घातलं तर उसाला मानवतं. शेडच्या माशा आणि वास ही शेजाऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे. तूस ओलं राहिलं की दोन्ही वाढतात. ते खाली-वर हलवून कोरडं ठेवणं मालकाच्या हातात असतं, तिथे हयगय चालत नाही.

बिबट्या काय खातो?

शिरूर, जुन्नर, आंबेगावात कुणालाही विचारा, उत्तर येईल: शेळ्या. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१४ च्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा निघाला कुत्र्यांचा, शेळ्यांचा फक्त ११ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही! कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रं मोकळं. गावाभोवतीचा उकिरडा कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्याला ओढून आणतात. कोंबड्यांची, मटणाची घाण ओढ्याकाठी फेकणं इथे थेट महागात पडतं.

याने भीती खोटी ठरत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह तीन जीव गेले. उसात रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला विष्ठेतल्या टक्केवारीने धीर येणार नाही. त्याला दिवसा वीज हवी.

एक किलो, किती पाणी?

नेदरलँड्सच्या मेकोनेन आणि हुकस्ट्रा यांनी काढलेली जगाची सरासरी सगळीकडे फिरते. गोमांस किलोला १५,४१५ लिटर. पण त्याच तक्त्यातल्या पुढच्या ओळी कुणी वाचत नाही. शेळीचं मांस ५,५२१, कोंबडी ४,३२५, अंडी ३,२६५ आणि कडधान्यं ४,०५५. म्हणजे कोंबडी आणि डाळ जवळपास एका पंगतीत! शिवाय या पाण्यात पावसाचं पाणीही मोजलेलं असतं. माळावरचं गवत खाणारी शेळी जे 'पाणी पिते' ते कुणाच्या विहिरीतून येत नाही.

विहिरीतून आणि कालव्यातून येतं ते उसाचं. राज्यात लागवडीखालच्या जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असं कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांच्या आधारे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. घोड धरणाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या पट्ट्यात हे बोलणं अवघड जातं. ऊस लावणाऱ्याला दोष देऊन भागत नाही, कारण हमी भावाने नक्की उचललं जाणारं दुसरं पीक त्याच्यासमोर कुणी ठेवलेलं नाही.

ऊस आणि कोंबडीचं नातं तर आणखी मजेशीर. ब्रॉयलरला किलोभर वजनासाठी दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागतं आणि त्यात निम्म्याहून जास्त मका. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. इथेनॉलवाले मक्याकडे वळले, मका चढला, खाद्य महागलं. मका पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले हे चांगलंच झालं. पण आपण पेट्रोल भरतो तेव्हा कोंबडीचा मका जाळत असतो, हे पंपावर किती जणांना ठाऊक असतं?

दुधातला गोऱ्हा

दूध पिणाऱ्याला वाटतं आपला मांसाशी संबंध नाही. पण गाय व्यायल्याशिवाय दूध नाही आणि निम्म्या वेताला गोऱ्हा होतो. दौंडच्या वाटेवरच्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था सुरू केली, कृत्रिम रेतनाने संकरित गाई गोठ्यागोठ्यात आल्या आणि या भागातल्या घरांत दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे यायला लागले. त्याचबरोबर संकरित गोऱ्हाही आला. औताला तो फारसा चालत नाही, शर्यतीला खिल्लारच लागतो. राज्यात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती, २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. आता काष्टीच्या जनावरांच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नसतं आणि त्याचा चारा चालूच राहतो. तो कुणी भरायचा हे ठरवल्याशिवाय केलेला कायदा गोठेवाल्याच्या खांद्यावर पडतो. मादी वासरंच जास्त होतील असं लिंगनिवडीचं रेतन आता मिळतं, सुमारे ९० टक्के कालवडी होतात. गोऱ्ह्याच्या प्रश्नावर मला तरी हाच सगळ्यात कामाचा मार्ग वाटतो.

शेती की धंदा?

सातबाऱ्यावर शेतकरी, शेडमध्ये उद्योजक. प्राप्तिकराच्या दृष्टीने कोंबडीचं उत्पन्न शेतीचं नाही. ग्रामपंचायत शेडवर कर लावते, विजेचा दर वेगळा. ऊस शेती, पण कोंबडी धंदा. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला: मांसाचे २५ हजारांपर्यंत पक्षी, अंड्यांचे ५० हजारांपर्यंत, १०० दुधाळ जनावरं, ५०० मेंढ्या-शेळ्या, २०० वराह. या मर्यादेतल्यांना शेतीच्या दराने वीज आणि कर्जावर व्याजात सवलत मिळावी असं ठरलं.

शेडवाल्याला याचा उपयोग आहे. वीजबिल हा त्याचा रोजचा घोर. पण विजेची सवलत मीटरवर मिळते, आणि वाघर खांद्यावर टाकून रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराकडे मीटर नाही. त्याला हवी चराईला जागा, मेंढरांना रस्त्यातच लस, आणि बिबट्याने मेंढरू नेलं तर पंचनाम्यासाठी वाडा हलायच्या आत येणारा वनरक्षक.